धंद्यावरून पडलेल्या आडनावाचे मूळ कसे शोधावे

क्रिकेटचा सामना पाहताना पडद्यावर स्मिथ, टेलर, कुक, बटलर, आर्चर अशी आडनावे येतात आणि जातात. ही सगळी आडनावे मुळात कोणाच्या तरी पोटापाण्याच्या कामावरून पडलेली आहेत. स्मिथ हा धातू ठोकणारा, टेलर हा शिंपी, कुक हा आचारी, बटलर हा मोठ्या घरातील मद्याच्या कोठाराचा कारभारी आणि आर्चर हा तिरंदाज. आपल्याकडेही वाढई (म्हणजे सुतार), लोहार, रंगारी, कोतवाल, पटवारी, पोतदार अशी आडनावे जागोजाग आढळतात आणि त्यांचा अर्थ काय, ती कधीपासून चालत आली, ती अमुक भागातच इतकी का, असे प्रश्न घरातील शिकलेल्या मुलांना कधी ना कधी पडतात. या प्रश्नांची उत्तरे कोणत्या क्रमाने शोधावीत, हे येथे सांगितले आहे. विदर्भातील खेड्यात राहणाऱ्या माणसाला जी कागदपत्रे सहज मिळू शकतात, त्यांचाच विचार केला आहे; परंतु शोधाची रीत समजण्यासाठी सुरुवात इंग्रजी आडनावापासून केली आहे, कारण तेथील नोंदी जुन्या आहेत, त्यांचा अभ्यास पुष्कळ झाला आहे आणि त्यात आपले मन गुंतलेले नसल्यामुळे निष्कर्ष काढताना हात थरथरत नाही.

एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केलेली बरी. आडनावावरून जात ठरत नाही आणि आडनावाचा अर्थ हा जात पडताळणीसाठी पुरावा होत नाही. ज्यांना त्या कामासाठी कागद हवे आहेत त्यांना याच कार्यालयांत जावे लागते, परंतु त्यांचा शोध निराळा आहे आणि तो या मजकुरात मिसळलेला नाही.

आधी एक परके आडनाव

आपल्या मोबाइलमध्ये साठवलेली नावे एकदा चाळून पाहावीत. गजानन झेरॉक्स, बंडू वेल्डिंग, मनोज किराणा, राजू टेलर अशी नावे त्यात हमखास सापडतात. गावात चार गजानन असल्यामुळे एकाला त्याच्या कामाची खूण चिकटते. इंग्लंडमध्ये 1066च्या नॉर्मन विजयानंतरच्या दोन-तीन शतकांत नेमके हेच घडले. त्या काळी जॉन, विल्यम, रॉबर्ट अशी मोजकीच नावे चालत असल्यामुळे कर वसूल करणाऱ्या कारकुनाला माणसे वेगळी ओळखण्यासाठी बापाचे नाव, गावाचे नाव, अंगावरची खूण किंवा धंदा यांपैकी काहीतरी पुढे लिहावे लागे. आरंभी ही खूण त्या एका माणसापुरतीच असे आणि मुलाने दुसरा धंदा धरला की तीही बदले. पुढे जमिनीचा वारसा आणि कराच्या याद्या यांमुळे ती खूण मुलाकडे आणि नातवाकडे जाऊ लागली आणि साधारण 1400पर्यंत बहुतेक इंग्रज कुटुंबांना कायमचे आडनाव मिळाले. ज्या पिढीत खूण गोठली त्या पिढीचा धंदा आडनावात राहिला. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पिढ्या काय करीत होत्या, याबद्दल आडनाव काहीच सांगत नाही. शोध घेणाऱ्याने ही मर्यादा सतत ध्यानात ठेवावी.

आता स्मिथ इतका लोकप्रिय का, याचा विचार करावा. अमेरिकेच्या 2010च्या जनगणनेत स्मिथ आडनावाची 24,42,977 माणसे नोंदली गेली आणि ते त्या देशातील पहिल्या क्रमांकाचे आडनाव ठरले. इंग्लंडमध्येही ते पहिलेच आहे. यावरून मध्ययुगात लोहार फार होते असे कोणी म्हणेल, तर ते उलटे आहे. लोहार प्रत्येक गावात एखाददुसराच असे, म्हणूनच ‘लोहार जॉन’ असे म्हटल्याबरोबर माणूस ओळखू येई आणि ही खूण गावोगाव स्वतंत्रपणे जन्माला आली. ज्या कामात सगळे गाव होते त्या शेतीवरून आडनावे फारशी पडली नाहीत, कारण ‘शेती करणारा जॉन’ म्हटल्याने कोणाचीच ओळख पटत नव्हती. इंग्रजीत फार्मर हे आडनाव आहे खरे, परंतु मूळ फ्रेंच शब्दाप्रमाणे तो सारा किंवा कर ठेक्याने गोळा करणारा माणूस होता. नागपूर प्रांतातील मालगुजाराशी, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्याशी, त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

अमेरिकेतील स्मिथांच्या संख्येत आणखी एक भर आहे. जर्मन श्मिट, हंगेरीचे कोवाच, पोलंडचे कोवाल्स्की अशी लोहारकीचीच आडनावे असलेली काही कुटुंबे तेथे गेल्यावर स्मिथ झाली, तर गुलामगिरीतून सुटलेल्या कितीतरी कृष्णवर्णीयांनी प्रचलित असलेले किंवा मालकाचे आडनाव घेतले. तेव्हा समान आडनावाचा अर्थ समान पूर्वज असा होत नाही. लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी 2009 साली ब्रिटनमधील 40 आडनावांच्या पुरुषांची वडिलांकडून मुलाकडे जाणारी गुणसूत्रे तपासली, तेव्हा दुर्मीळ आडनावाचे पुरुष पुष्कळदा एकाच पूर्वजाचे वंशज निघाले, परंतु स्मिथ आडनावाच्या पुरुषांत वाटेल तशा निवडलेल्या पुरुषांहून जास्त जवळीक दिसली नाही.

रीत शिकण्यासाठी मात्र स्मिथपेक्षा वॉकर हे आडनाव अधिक उपयोगी आहे. आजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ चालणारा असा दिसतो आणि शाळकरी मुलगा तोच सांगेल. प्रत्यक्षात वॉकर हा लोकरीचे कापड तुडवणारा कारागीर होता. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड तेलकट आणि विरळ असे; ते पाण्याच्या हौदात एका विशिष्ट मातीबरोबर आणि शिळ्या मूत्राबरोबर घालून पायांनी तासन्‌तास तुडवले की तेल निघून जाई, लोकर आटून घट्ट होई आणि मग ते अंगावर घालण्याजोगे होई. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून हे काम पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे करू लागले आणि पाय कोरडे झाले, पण आडनाव तसेच राहिले. याहून महत्त्वाची बाब अशी की याच कामाला इंग्लंडच्या उत्तर भागात वॉकर, दक्षिण-पूर्वेत फुलर आणि डेव्हन, सॉमरसेट या नैर्ऋत्येकडील परगण्यांत टकर म्हणत. रंगाऱ्याचेही तसेच आहे. यॉर्कशायरकडे लिस्टर, दक्षिणेकडे डायर. म्हणजे आडनावातून धंदा कळतो, आणि त्या धंद्याला तो शब्द कोणत्या मुलखात वापरत होते हेही कळते. माझ्या मते दुसरी माहिती पहिलीपेक्षा मोलाची आहे, कारण तिच्यामुळे कुटुंब कोठून निघाले असावे याचा अंदाज बांधता येतो.

हा अंदाज पक्का करण्यासाठी इंग्रज शोधक अलीकडून पलीकडे जातो. 1841पासूनच्या जनगणनेत प्रत्येक माणसाच्या नावासमोर त्याचा धंदा लिहिलेला असतो, 1 जुलै 1837पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद होते, त्याआधी 1538 साली सुरू झालेल्या चर्चच्या नोंदवह्या आहेत आणि सर्वांत मागे 1377, 1379 आणि 1381 या तीन सालांच्या डोईपट्टीच्या याद्या आहेत, ज्यांपैकी 1379च्या यॉर्कशायरच्या यादीत पुष्कळ नावांपुढे धंदाही दिलेला आहे. नाव आणि धंदा हे दोन्ही रकाने जेथे जुळतात तेथे खूण अजून जिवंत आहे, आणि जेथे वॉकर नावाचा माणूस सुतारकाम करताना दिसतो तेथे ती गोठलेली आहे, असे समजतात. आपल्यालाही हेच दोन रकाने शोधायचे आहेत.

घरातील पेटी

विदर्भातील खेड्यात हा शोध घरातील कागदांपासून सुरू करावा. सुदैवाने बहुतेक घरांत जुन्या कागदांची एक पिशवी तयारच असते, कारण जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागास वर्गांना 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा पुरावा द्यावा लागतो आणि तो मिळवण्यासाठी कोणीतरी एकदा तहसीलच्या खेपा घातलेल्या असतात. त्या पिशवीतील शाळेचे दाखले, सातबारा, फेरफाराच्या नकला, खरेदीखते, सावकाराच्या चिठ्ठ्या, अगदी जुन्या लग्नपत्रिकासुद्धा बाहेर काढाव्यात आणि एका वहीत सालवार उतरवाव्यात. प्रत्येक कागदासाठी पाच गोष्टी लिहाव्यात: साल, कोणत्या कार्यालयाचा कागद, माणसाचे नाव जसेच्या तसे, आडनाव जसेच्या तसे आणि धंद्याचा काही उल्लेख असल्यास तो. ‘जसेच्या तसे’ हे शब्द गांभीर्याने घ्यावेत. एका कागदावर वाढई, दुसऱ्यावर वाढे आणि तिसऱ्यावर वाडई असे असेल तर तिन्ही तसेच लिहावेत. आपल्या मनाने शुद्ध करू नये, कारण पुढे त्या फरकांतूनच वाट सापडते.

अलीकडच्या कागदांविषयी विशेष सावध राहावे. नावे आधी इंग्रजीत भरली गेली आणि मग संगणकाने ती मराठीत परत आणली, अशा वेळी ट आणि त, ड आणि द, ठ आणि थ यांची सरमिसळ होते. आधार कार्डावरील आडनावाच्या बळावर कोणी पूर्वजांचा धंदा शोधू लागला तर त्याला भलतीच माणसे भेटतील.

शाळा आणि तहसील

घरातील कागद संपले की गावच्या जुन्या शाळेत जावे. विदर्भात ज्याला दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात, त्यात विद्यार्थ्याचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख आणि राहण्याचे गाव असते आणि काही जुन्या रजिस्टरांत पालकाच्या धंद्याचाही रकाना असतो. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून आपल्या कुटुंबातील नोंदीचा उतारा मागावा; दुसऱ्यांच्या नोंदी चाळण्याचा हट्ट धरू नये. शाळेची नोंद महत्त्वाची यासाठी की पुष्कळ घरांत आडनाव कागदावर प्रथम आले ते मुलगा शाळेत घातला तेव्हा. त्या दिवशी मास्तरांनी बापाला ‘आडनाव काय?’ असे विचारले असेल, तर बापाने जे सांगितले किंवा मास्तरांना जे सुचले तेच पुढे घराण्याचे नाव झाले. दोन सख्ख्या भावांची मुले दोन गावांच्या शाळांत गेली आणि दोन आडनावे घेऊन बाहेर पडली, असे आढळले तर आश्चर्य मानू नये.

त्याच्या मागे जायचे असेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातील गाव नमुना 14, म्हणजेच लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची नोंदवही पाहावी लागते. तिची नक्कल मागताना गावाचे नाव, तालुका, अंदाजे साल आणि पूर्वजाचे नाव द्यावे. साल निश्चित नसेल तर पाच-सात वर्षांचा टप्पा लिहावा. नोंद हातात आल्यावर पहिला धक्का बसतो तो हा की तिच्यात आडनावच नसते. ‘सखाराम वल्द गणू, कौम तेली, साकीन मौजे अमुक’ अशी तिची धाटणी असते. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, कौम म्हणजे जात, साकीन म्हणजे राहणार. बाईचे नाव असेल तर त्यापुढे नवऱ्याचे नाव जौजे या शब्दाने आणि विधवा असल्यास बेवा या शब्दाने जोडलेले असते. ही फारसी वळणाची कारकुनी भाषा एकदा सरावाची झाली की वाचन सोपे जाते. आडनाव नसण्याने निराश होण्याचे कारण नाही. ज्या सालापर्यंत केवळ वल्द आहे आणि ज्या सालानंतर आडनाव दिसते, त्या दोन सालांच्या दरम्यान आपले आडनाव कागदावर स्थिर झाले, हीच मोठी माहिती आहे.

जमिनीचे कागद वऱ्हाडात आणि नागपूरकडे सारखे नाहीत, हे अर्ज करण्यापूर्वी समजून घ्यावे. वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि तेथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याच्या पद्धतीची, पाहणी झाली. त्यामुळे अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ या जिल्ह्यांत शेतकऱ्याचे नाव थेट सरकारी दप्तरात सापडण्याचा संभव अधिक. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर हा भाग भोसल्यांच्या राज्यातून मध्य प्रांतात गेला आणि तेथे मालगुजारी पद्धत चालू झाली, जी 1951 साली संपली; तेथे बंदोबस्ताच्या (सारा ठरवण्याच्या पाहणीच्या) मिसली, खसरा (शेतवार यादी) आणि हक्कनोंदीचे कागद मागावेत. काही जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत, म्हणून खेप घालण्यापूर्वी तेथे पाहावे.

जुन्या नोंदींपैकी काही मोडी लिपीत असतात. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेत असे आणि तिच्याखाली शब्द न तोडता अक्षरे सोडीत जाई. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही तो पाळीत नसे. परिणामी आडनाव नेमके काय आहे, हे अक्षरांवरून न ठरवता त्याच हाताच्या दुसऱ्या नोंदींशी ताडून ठरवावे लागते. स्वतः मोडी येत नसेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे आणि ज्या अक्षराबद्दल त्याला शंका आहे तेथे खूण करायला सांगावे. शंका न दाखवणारा वाचक मला नेहमी कमी भरवशाचा वाटतो. तहसीलपलीकडील जुन्या दप्तरांसाठी नागपूरचे पुराभिलेखागार आहे.

म्हाताऱ्या माणसांना काय विचारावे

‘आपले आडनाव कशावरून पडले?’ असा सरळ प्रश्न वडीलधाऱ्यांना विचारला की उत्तरात बहुधा एक राजा, एक पराक्रम आणि एक इनाम येते. ती कथा आदराने लिहून घ्यावी, पण तिच्यावर थांबू नये. त्याऐवजी हत्यारांविषयी विचारावे. आजाच्या घरी वाकस (लाकूड तासण्याचे हत्यार) होता का, करवत होती का, भाता आणि ऐरण होती का. खळ्यावर धान्य कोणाकडून मिळे आणि कशाच्या बदल्यात मिळे. पोळ्याच्या आधी गावचे लोक दारात काय घेऊन येत. अशा प्रश्नांना माणसे डोळ्यांनी पाहिलेले उत्तर देतात. बंडीच्या चाकाला धाव बसवण्याचे काम ज्यांनी पाहिले आहे, ते सांगतात की लोखंडी कडे गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवायचे, चिमट्यांनी चौघांनी उचलून लाकडी चाकावर बसवायचे आणि लाकूड पेट घेण्याच्या आत पाणी ओतायचे, म्हणजे कडे आकसून आरे घट्ट धरते. हे काम करणाऱ्याला त्या घरात खाती म्हणत, वाढई म्हणत की लोहार म्हणत, हे तेथेच विचारून घ्यावे. ‘आमी लोहार नाई, पन आजा भाता चालवे,’ असे एक वाक्य दहा दंतकथांहून उपयोगी पडते.

हा शब्दांचा प्रश्न किरकोळ नाही. वॉकर, फुलर आणि टकर यांच्याबाबत जे दिसले तेच आपल्याकडे आहे. लाकडाचे काम करणारा इतरत्र सुतार, पण विदर्भात तो वाढई. कपडे धुणारा कोठे परीट, कोठे धोबी, तर पूर्वेकडे वरठी. न्हावी हा वऱ्हाडी बोलीत म्हाली. ज्या कुटुंबाचे आडनाव वाढई आहे आणि जे आज पुण्याकडे राहते, त्याच्या मुळाचा शोध बहुधा विदर्भाकडे वळवावा लागेल.

नकाशावर ठिपके

आडनावाचा प्रसार पाहण्यासाठी मतदार यादी हे सर्वांत सोयीचे साधन आहे. आपल्या मतदारसंघाची यादी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी आणि गाववार मोजणी करावी. माणसे मोजू नयेत, घरे मोजावीत. दहा माणसांचे एक घर आणि दोन माणसांची पाच घरे यांत फार अंतर आहे. यादीतील कोणाचेही तपशील इतरांना पाठवू नयेत. आपल्याला फक्त गाव आणि घरांचा आकडा हवा आहे. मग तालुक्याच्या नकाशावर प्रत्येक गावी तितके ठिपके द्यावेत.

ठिपक्यांची मांडणी बोलकी असते. पुष्कळ गावांत एकेक-दोन-दोन घरे विखुरलेली दिसली तर ते स्मिथच्या जातकुळीचे आडनाव आहे, गावोगाव स्वतंत्रपणे पडलेले; त्या घरांना एका पूर्वजात बांधण्याचा खटाटोप करू नये. एकाच गावात तीस घरे आणि भोवतालच्या चार गावांत थोडी, असे असेल तर बहुधा एका कुटुंबाचा विस्तार आहे आणि मुख्य गावाच्या कोतवाल बुकातच मूळ शोधावे. एखाद्या रेघेत, म्हणजे जुन्या बाजाराच्या वाटेने ठिपके असतील तर फिरता धंदा किंवा व्यापार यांचा विचार करावा. या मोजणीत सुनांची माहेरची आडनावे येत नाहीत, म्हणून आईच्या आणि आजीच्या माहेरचे गाव वेगळे लिहून ठेवावे. धंदा शिकवणारा पुष्कळदा मामा असतो.

अर्थ सर्वांत शेवटी

इतके झाल्यावरच शब्दकोश उघडावा. उत्साही माणूस हे काम आधी करतो आणि मग सगळे पुरावे त्या अर्थाला चिकटवत बसतो.

पहिला अडथळा गावाच्या नावाचा आहे. वरठी म्हणजे कपडे धुणारा हे खरे, पण भंडारा रोड हे रेल्वे स्थानक ज्या गावी आहे त्याचेही नाव वरठीच आहे. यवतमाळजवळ लोहारा आहे, अकोल्याजवळ कुंभारी आहे. आडनावाशी जुळणारे गाव दोन दिवसांच्या बैलगाडीच्या अंतरात असेल तर धंद्याचा निष्कर्ष लांबणीवर टाकावा आणि आडनावाच्या शेवटी ‘कर’ असेल तर गावाकडेच कल ठेवावा. चंद्रपूर, गडचिरोली आणि यवतमाळच्या दक्षिण भागातील कन्नमवार यांसारखी ‘वार’ने संपणारी आडनावे तेलुगू वळणाची आहेत; तो ‘वार’ तेलुगूतील आदरार्थी प्रत्यय आहे, म्हणून अशा आडनावाचा अर्थ मराठी कोशात शोधणे व्यर्थ आहे.

दुसरा अडथळा अधिकारपदाचा आहे. देशमुख, देशपांडे, पाटील, पटवारी, चौधरी ही आडनावे धंद्यापेक्षा वतनाची किंवा पदाची आहेत आणि नागपूरच्या भोसल्यांच्या दरबाराशी संबंध असलेली चिटणवीस, फडणवीस ही लेखनाच्या कामाची आहेत. पदाचे आडनाव बहुधा आधीच्या एखाद्या आडनावावर चढलेले असते. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे 1898 साली जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या घराण्याचे मूळ आडनाव कदम होते. बंजारा तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात आणि पुसदजवळील गहुलीचे वसंतराव नाईक यांचे आडनाव त्याच परंपरेतील आहे. अशा आडनावाचा शोध घेताना ‘याच्या आधी काय लिहीत?’ हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

तिसरा अडथळा सर्वांत फसवा आहे. घराण्याचा धंदा ठाऊक असतो म्हणून आडनावही त्यावरूनच पडले असेल, असे गृहीत धरले जाते. संत गाडगेबाबा परीट समाजातील. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. धंदा एक आणि आडनाव सरळ गावावरून पडलेले. उलट बाजूने रंगारी हे आडनाव कापड रंगवण्याच्या कामाचे असले तरी ते विदर्भात एकाच समाजापुरते मर्यादित नाही, तेव्हा ते दिसले की धंदा आणि समाज दोन्ही ठरले असे मानता येत नाही. राऊत म्हणजे घोडेस्वार हा अर्थ बरोबर आहे, परंतु एखाद्या राऊताच्या घरी कधी घोडा होता, हे अर्थावरून सिद्ध होत नाही. ते कागदावरूनच व्हावे लागते.

निष्कर्ष लिहिताना तीन वेगवेगळे परिच्छेद करावेत. पहिल्यात फक्त कागदाने सिद्ध झालेले, कागदाचे साल आणि कार्यालय यांसह. दुसऱ्यात ठिपक्यांवरून आणि बोलीतील शब्दावरून बांधलेला अंदाज, तो कशावरून बांधला हे सांगून. तिसऱ्यात घरात चालत आलेली कथा, ती कोणी कधी सांगितली या नोंदीसह. ही तीन खाती एकमेकांत मिसळली की पुढच्या पिढीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

कोतवाल बुक फाटलेले निघाले किंवा ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे पत्र मिळाले, तर दोन वाटा उरतात. काही समाजांचे भाट ठरावीक वर्षांनी गावात येऊन जन्मलेल्या मुलांची नावे आपल्या वहीत चढवून नेतात. ते आले म्हणजे त्यांना बसवून आपल्या घराचे पान वाचून घ्यावे आणि वाचत असताना ध्वनिमुद्रण करण्याची परवानगी मागावी. दुसरी वाट नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया येथील क्षेत्रोपाध्यायांची. घरातील कोणी अस्थी घेऊन किंवा श्राद्धासाठी तेथे गेले असेल तर त्यांच्या नामावळीत त्या दिवशी हजर असलेल्यांची नावे, गाव आणि पुष्कळदा सहीसुद्धा असते. तेथे आडनावापेक्षा गावाचे आणि जिल्ह्याचे जुने नाव सांगावे, कारण पोथ्या बहुधा मुलखाप्रमाणे लावलेल्या असतात. वाशीमच्या माणसाने अकोला आणि गडचिरोलीच्या माणसाने चांदा असे सांगितले तर आपले पान लवकर सापडते. पान सापडल्यावर दक्षिणा द्यावी, छायाचित्र काढण्याची परवानगी घ्यावी आणि आपल्या सध्याच्या पिढीची नावे, आडनावाचे आजचे लेखन आणि प्रत्येकाचा आजचा धंदा त्या पानावर चढवून मगच निघावे.